टाचेची दोरी: डागणीपासून मूळपेशींपर्यंत

१७६७ साली लंडनमधला शल्यविशारद जॉन हंटर याच्या टाचेमागची दोरी तुटली. नाचताना तुटली, असं सांगतात. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. दुसरा कोणी असता तर अंथरुणाला खिळला असता, पण हंटरने पाय आवळून बांधला, टाच उचललेली राहील अशी सोय केली आणि तो हिंडायला लागला. मग त्याने काही कुत्र्यांच्या पायांतल्या याच दोऱ्या त्वचेला बारीक छेद देऊन कापल्या आणि वेगवेगळ्या दिवशी एकेक कुत्रा मारून आत काय चाललंय ते पाहिलं. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण तुटलेली दोरी आतल्या आत जुळते, हे त्याला पुराव्यानिशी दिसलं.

या दोरीचं नाव कंडरा. स्नायू हाडाला जिने बांधलेला असतो ती. आपल्या बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि दरवर्षी अनुभव घेते. ‘कंडरा’ म्हटलं की वर्ग कोरा चेहरा करतो, ‘शीर धरली’, ‘नस चढली’ म्हटलं की सगळे माना हलवतात. हा गोंधळ जुना आहे. ग्रीक भाषेत ‘न्यूरॉन’ या एकाच शब्दात नस, दोरी आणि धनुष्याची प्रत्यंचा मावत असे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ज्याला ‘स्नायू’ म्हटलंय ते म्हणजे आजचे मसल नव्हेत, तर सांधे बांधणारे दोर. सुश्रुताने ते नऊशे मोजले. फळ्या दोरांनी घट्ट बांधलेली होडी जसं ओझं पेलते तसं शरीर स्नायूंच्या जोरावर भार पेलतं, असं तो सांगतो. हाडाला किंवा सांध्याला झालेल्या इजेपेक्षा स्नायूची इजा जास्त घातक, हेही त्याने बजावून ठेवलं आहे.

टाचेच्या कंडरेला अकिलीसचं नाव मिळालं ते बऱ्याच उशिरा. लूवेनच्या फिलिप व्हेर्हेयेनने १६९३ मध्ये छापलेल्या शरीररचनेच्या ग्रंथात तिला अकिलीसची दोरी म्हटलं. त्याचा स्वतःचा एक पाय कापलेला होता आणि तोच पाय त्याने चिरून अभ्यासला अशी आख्यायिका आहे. गंमत म्हणजे होमरच्या इलियडमध्ये अकिलीसच्या टाचेची गोष्टच नाही, ती पुढच्या रोमन कवींनी रंगवली. आपल्याकडे व्याधाचा बाण कृष्णाच्या तळपायाला लागतो. बलाढ्य माणूस पायाशी कच्चा असतो, हे दोन्हीकडच्या कथाकारांना सुचलं.

दोरी जुळते, पण पहिल्यासारखी नाही

हंटरने दोरी जुळते हे पाहिलं. ती कशी जुळते, हा प्रश्न पुढची दोनशे वर्षं डॉक्टरांना छळत राहिला.

निरोगी कंडरा म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे. पैठणीच्या ताण्यासारखे सगळे एका दिशेने, शेजारी शेजारी. त्यांच्यामध्ये जिवंत पेशी थोड्या आणि रक्तपुरवठाही बेताचा. म्हणूनच ती पांढरी दिसते. ती तुटली की शरीर भोक बुजवतं, पण घाईघाईत मारलेल्या रफूसारखं. धागे आडवेतिडवे, कोलॅजनचा प्रकारही वेगळा. दोरी जुळते, पण त्या जागी व्रण राहतो. व्रणाला मूळ कंडरेसारखी लवचीक ताकद नसते, आणि पुढची इजा बहुतेकदा त्याच्या आसपास होते.

हे असं का होतं, याचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या आणि वातावरणातला कार्बन-१४ एकदम वाढला. तो पिकांत गेला, पिकांतून माणसांत. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये, त्या काळाच्या आसपास जन्मलेल्या लोकांच्या अकिलीस कंडरेतला हा कार्बन मोजला. कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या साधारण सतरा वर्षांत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही, असं त्यांना आढळलं. त्वचा बदलते, रक्त बदलतं, हाडसुद्धा हळूहळू नवं होतं. पण तुम्ही आज ज्या दोरीवर धावता ती तुमच्या बारावीच्या परीक्षेच्या सुमाराची आहे.

म्हणजे इथे डॉक्टरची अडचण साधी नाही. जे शरीर स्वतःच विणायचं थांबवतं, ते त्याच्याकडून पुन्हा कसं विणून घ्यायचं?

डागणी

सगळ्यात जुनं उत्तर होतं आग. सुश्रुताने स्नायू आणि सांध्यांच्या तीव्र वेदनेवर अग्निकर्म सांगितलं आहे. अरबी आणि युरोपीय घोडेवैद्य हेच करत आले. आपल्या गावाकडे लंगडणाऱ्या बैलाला डाग देतात, तो याच कुळातला. शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायामागची कंडरा सुजली की लाल तापवलेल्या सळईने पायावर ओळीने चटके द्यायचे. आत रक्त धावेल, नवी ताकद येईल, अशी समजूत.

घोड्याची ही कंडरा समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. घोडा चौखूर उधळतो तेव्हा ती स्प्रिंगसारखी ताणली जाते, जवळजवळ तुटण्याच्या मर्यादेपर्यंत. तिला इजा झाली की बऱ्याचदा बरोबर मध्यभागी पोकळी पडते आणि भोवतीचे धागे शाबूत राहतात. सोनोग्राफीत पांढऱ्या वर्तुळात काळा डाग दिसतो. अशा घोड्यांपैकी पुष्कळ पुन्हा धावतात आणि पुन्हा तिथेच जायबंदी होतात.

ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर, अ‍ॅलन गुडशिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये डागणीचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष स्पष्ट होता. डागल्याने कंडरा लवकर जुळत नाही आणि चांगलीही जुळत नाही, जनावराला वेदना तेवढ्या होतात. पुढे ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने ही प्रथा समर्थनीय नसल्याची भूमिका घेतली.

मग शेकडो वर्षं अनुभवी माणसांना डागणी लागू पडते असं का वाटलं? कारण डागलेल्या घोड्याला मालक महिनोन्महिने धावायला काढत नसे. गुण विश्रांतीचा, नाव सळईचं. न डागलेल्या घोड्यांना तेवढीच विश्रांती देऊन शेजारी उभं केल्याशिवाय हे कळण्याचा मार्गच नव्हता. पुढे सुई आली तेव्हाही हीच अडचण पुन्हा समोर आली.

मज्जेतल्या पेशी

१९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅक्कलक यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून रक्ताच्या मूळपेशींचा पुरावा दिला. एका पेशीपासून अनेक प्रकारच्या रक्तपेशी बनतात, हे त्यातून दिसलं. त्याच दशकात मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन अस्थिमज्जेतल्या दुसऱ्याच पेशींच्या मागे होते. काचेच्या तबकडीला चिकटून वसाहती करणाऱ्या या पेशी प्राण्याच्या शरीरात रोवल्या तर हाड तयार करत. १९९१ मध्ये क्लीव्हलँडच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी या पेशींना ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केलं. हाड, कूर्चा, चरबी, कंडरा या साऱ्यांचं बियाणं एकाच पेशीत आहे, ही त्यामागची कल्पना.

कल्पना मोहक होती. कंडरेत पेशी कमी पडतात ना? मग मज्जेतून काढा, प्रयोगशाळेत वाढवा आणि पेरा. १९९८ मध्ये कॅप्लन यांच्याच चमूने सशांच्या कापलेल्या अकिलीस कंडरेत या पेशी कोलॅजनच्या जाळीत घालून बसवल्या. जोड अधिक मजबूत झाला. पण पुढच्या प्रयोगांत काही सशांच्या कंडरेत नको तिथे हाड उगवलं. बियाण्याला आपण कुठे पडलोय हे कळलंच नाही.

२००३ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातले रॉजर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी घोड्यावरचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. घोड्याच्याच मज्जेतून पेशी घ्यायच्या, वाढवायच्या आणि सोनोग्राफीत पाहत त्या मधल्या पोकळीत सोडायच्या. निसर्गानेच वाटी तयार ठेवली होती. या निबंधाच्या लेखकांत अ‍ॅलन गुडशिपही होते. डागणी निरुपयोगी ठरवणारा माणूस वीस वर्षांनी सुईच्या आरंभाला हजर होता.

२०१२ मध्ये ११३ शर्यतीच्या घोड्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. उपचारानंतर पुन्हा इजा होण्याचं प्रमाण २७.४ टक्के निघालं. इतर उपचार घेतलेल्या अडथळ्यांच्या शर्यतीतल्या घोड्यांमध्ये ते आधी पन्नास टक्क्यांच्या वर नोंदलं गेलं होतं. ही तुलना जुन्या नोंदींशी होती, त्याच वेळी शेजारी उभ्या केलेल्या घोड्यांशी नव्हे. म्हणून स्मिथ यांनी पुढे बारा घोडे घेतले. सहांना पेशी दिल्या, सहांना नुसतं सलाइन. सहा महिन्यांनी पेशी मिळालेल्या कंडरांची वीण अधिक नीट होती. संख्या लहान असली तरी हा पुरावा वजनदार आहे.

आणि इथेच एक कोडं पडलं. खूण लावून सोडलेल्या पेशी शोधल्या तेव्हा बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत दिसेनाशा झालेल्या आढळल्या. त्या रुजून कंडरा होत नव्हत्या. काही सुधारणा होत असेल तर ती पेशींनी सोडलेल्या रासायनिक निरोपांमुळे, सूज आवरण्यामुळे होत असावी. २०१७ मध्ये कॅप्लन यांनी स्वतःच लिहिलं, की मी दिलेलं नाव बदला, या पेशींना ‘स्टेम सेल’ म्हणू नका. त्या नावाने रुग्णांना चुकीची आशा विकली जाते, ही त्यांची तक्रार होती. नाव देणाऱ्यानेच ते मागे घ्यायला सांगितलं, तरी बाजाराने ते सोडलं नाही.

माणसांची पाळी

आमच्या पिढीला कंडरेची इजा पहिल्यांदा माहीत झाली ती २००४ मध्ये. सचिनला टेनिस एल्बो झाला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या हुकल्या. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेचं हे दुखणं. जगातला सर्वांत जपला गेलेला हात, तरी औषध काय? विश्रांती, व्यायाम आणि शेवटी २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया.

पुढे खेळाडू सुईकडे वळू लागले. अमेरिकी बेसबॉलचा गोलंदाज बार्टोलो कोलोन याने २०१० मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये खांद्यात आणि कोपरात पेशींची इंजेक्शनं घेतली. संपल्यात जमा धरलेला हा खेळाडू २०११ मध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून पुन्हा मैदानात उतरला. बातम्या झळकल्या. २०१२ मध्ये तो टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडला आणि त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. आता त्याचा खांदा कशामुळे सुधारला ते कोण सांगणार?

एकट्या माणसाची गोष्ट म्हणून पुरेशी नसते. फ्रान्समध्ये फिलिप हेर्निगू यांनी खांद्याच्या शस्त्रक्रियेत ४५ रुग्णांना मज्जेचं सांद्र द्रव दिलं आणि तशाच ४५ रुग्णांशी तुलना केली. दहा वर्षांनी पहिल्या गटात ८७ टक्के जोड शाबूत होते, दुसऱ्यात ४४ टक्के. आकडे भुवया उंचावणारे आहेत, पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. लंडनमध्ये अकिलीसच्या दुखण्यावर दहा रुग्णांची चाचणी झाली, घोड्यांवर काम केलेले संशोधक तिच्यात सामील होते. ती मुख्यतः सुरक्षितता तपासणारी होती आणि तिच्यात तुलनागट नव्हता. २०१७ मध्ये एका क्रीडावैद्यकीय नियतकालिकाने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या आणि कंडरेसाठी या उपचाराला आधार देणारा विश्वासार्ह पुरावा नाही, असं शीर्षकातच म्हटलं.

तुलनागट इतका का महत्त्वाचा, ते रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनने दाखवून दिलं. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये अकिलीसच्या ५४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून विभागलं. अर्ध्यांना प्लेटलेट्स, अर्ध्यांना मिठाचं पाणी. व्यायाम दोघांनाही. दोन्ही गट सुधारले आणि सारखेच सुधारले. फक्त प्लेटलेट्सवाले पाहिले असते तर डॉक्टर आणि रुग्ण दोघांनीही शपथेवर सांगितलं असतं की इंजेक्शनने गुण आला.

पोलीस भरती

हे सगळं मी शिकवण्यापुरतं वाचत होते. मग गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मामेभावाने मोबाइलवर एका माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. तो पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला बायपासच्या डांबरावर धावतो, सोळाशे मीटरसाठी एकेक सेकंद कमी करत. टाचेच्या दोन बोटं वर गाठ आली होती, सकाळी पहिली पावलं टाकताना जीव जायचा. शहरातल्या एका दवाखान्याने त्याला स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं होतं. त्याने विचारलं, “ताई, हे खरं असतं का? भरती निघायच्या आत बरा होईन म्हणतात.” आकडा त्यांच्या सोयाबीनच्या अख्ख्या हंगामाच्या पट्टीपेक्षा मोठा होता. मामा जमिनीवर कर्ज काढायला तयार होता.

मी त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगितलं नाही. तीन प्रश्न लिहून दिले. ही नोंदणी झालेली चाचणी आहे का? असेल तर रुग्णाकडून पैसे का घेता? पेशी कुठून काढणार, त्या वाढवणार का, आणि कोणाच्या परवानगीने? काउंटरवर उत्तर मिळालं, “सर सांगतील.” सरांनी एका क्रिकेटपटूचा फोटो दाखवला.

खरं तर आपल्याकडे नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढला आणि २०१७ मध्येही तो परत आला नाही. रक्ताच्या काही आजारांत मज्जा-प्रत्यारोपण मान्यताप्राप्त आहे. कंडरेसाठी मात्र हा अजून प्रयोग आहे, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याला बिल देत नाहीत.

भावाला मी स्वीडनच्या होकन अल्फ्रेडसनची गोष्ट सांगितली. हे हाडांचे डॉक्टर, स्वतःची अकिलीस दुखत होती. त्यांनी शस्त्रक्रिया मागितली, वरिष्ठांनी नकार दिला. मग त्यांनी चिडून ठरवलं की दोरी तुटेल इतका ताण देतो, म्हणजे करावीच लागेल. ते रोज टाचेवर वजन घेत राहिले आणि दोरी तुटण्याऐवजी दुखणं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी खेळाडूंवर हीच पद्धत वापरून निबंध लिहिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं आणि दुखरी टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, तीन फेऱ्या, मग गुडघा वाकवून तेवढ्याच. दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८०. बारा आठवडे. शेजारी तेवढेच नेहमीचे उपचार घेणारे रुग्ण होते, त्यांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली.

भावाने फिजिओथेरपिस्टला दाखवलं आणि मारुतीच्या देवळाच्या पायरीवर सुरुवात केली. पहिले तीन आठवडे तो मला रोज शिव्या घालत होता. बारा आठवड्यांनी सकाळची पावलं सुसह्य झाली. पण तोवर त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली होती, आणि त्याच्या वयाच्या मुलाला एक वर्ष म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. इंजेक्शन घेतलं असतं तर लवकर बरं झालं असतं का, असं त्याने विचारलं. याचं उत्तर त्याच्या एकट्याच्या पायातून मिळणार नाही, एवढंच मी सांगू शकले. व्यायामाने बरं झालं, की नुसत्या काळाने, हेसुद्धा त्यातून मिळणार नाही.

मूळपेशींच्या संशोधनाबद्दल मला तिरस्कार नाही. उलट हंटरपासून स्मिथपर्यंतची ही माणसं मला वर्गात आवर्जून सांगाविशी वाटतात. घोड्यांच्या निकालांत नक्की काहीतरी आहे आणि उद्या माणसांच्या मोठ्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत ते सिद्ध होऊ शकतं. तसं झालं तर मी भावाला स्वतः घेऊन जाईन. पण गुडशिप यांची दोन कामं मी एकमेकांशेजारी ठेवते, १९८३ चं आणि २००३ चं. तीच कंडरा, तसेच घोडे. शेकडो वर्षांच्या डागणीला त्यांनी जो प्रश्न विचारला, तोच आज सुईला विचारायचा आहे: हे न करता तेवढीच विश्रांती आणि तेवढाच व्यायाम दिला असता तर काय झालं असतं? दवाखान्यात बसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न मोठ्याने विचारता येतो. त्यासाठी बारावी सायन्सही लागत नाही.